गावात राहून इलेक्ट्रिक कार: विकत, लीजवर की बॅटरी तेवढी भाड्याने?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही घाटंजी तालुक्यातल्या गावात राहता आणि तालुक्याच्या ठिकाणी तुमचं कृषी केंद्र आहे. घर ते दुकान आणि शेतकऱ्यांच्या वावरांवर फिरणं मिळून रोज चाळीसेक किलोमीटर होतात, आठवड्यातून एकदा यवतमाळ आणि आईच्या तपासणीसाठी महिन्यातून एकदा नागपूर. सध्या अकरा वर्षं जुनी डिझेल गाडी आहे. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, १४ लाखांची इलेक्ट्रिक गाडी, ३ लाख रोख आणि ११ लाख कर्ज. दुसरा, तीच गाडी चार वर्षांच्या लीजवर महिना २८ हजारांनी, वर्षाला १५ हजार किलोमीटरची मर्यादा आणि त्यापुढे किलोमीटरला ८ रुपये. तिसरा, गाडी विकत पण बॅटरी भाड्याने, किलोमीटरला साडेतीन रुपये. यातलं परवडेल काय, असं तुम्ही विचारलंय.

मी यवतमाळात बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गेली पाच वर्षं घरोघरी चार्जिंग पॉइंट बसवतो आणि भाड्याने चालणाऱ्या दोन इलेक्ट्रिक गाड्या स्वतः सांभाळतो. एक गाडी तीन वर्षं लीजवरही चालवून झाली आहे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न किमतीचा कमी आणि जोखमीचा जास्त आहे. बॅटरी खराब झाली, गाडी बंद पडली, चार वर्षांनी कोणी विकत घेतली नाही, तर फटका कोणाला? लीजवाला म्हणतो, "ती काळजी माझी." त्या काळजीचेच पैसे तो घेतो. मग ती काळजी तो घाटंजीत येऊन वाहणार आहे की नागपुरातच बसून, हे आधी बघायला हवं.

सुरुवात तुमच्या किलोमीटरपासून करू. रोजचे ४० धरून २६ दिवसांचे १,०४०, यवतमाळच्या चार फेऱ्यांचे ३२०, नागपूरचे जाऊन-येऊन पावणेचारशे. महिन्याला १,७०० च्या थोडं वर, वर्षाला २० ते २१ हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावरच आहे. महिन्याला आठशेच्या आत फिरणारा माणूस मला विचारायला आला तर मी त्याला आहे ती गाडी नीट करून वापरायला सांगतो. तुमचं तसं नाही.

"एक रुपयात एक किलोमीटर" हे शोरूममधलं वाक्य घरच्या मीटरवर जुळत नाही. आपल्या गावच्या सडकेवर गाडी बॅटरीच्या एका युनिटमागे सातेक किलोमीटर जाते. चार्ज करताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते, म्हणजे मीटरच्या युनिटला सव्वासहा. तुमचे घरी चार्ज होणारे साडेपंधराशे किलोमीटर धरले तर महिन्याला अडीचशे युनिट. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००. घरचं बिल आज १२० युनिटचं असेल तर गाडीची वीज दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात जाऊन पडते. वहन आकार आणि १६ टक्के विद्युत शुल्क मिळवून मी गाडीच्या युनिटला १३ रुपये धरतो. त्याचे सव्वातीन हजार झाले. नागपूरला बाहेर फास्ट चार्जिंगचे सहाशेक रुपये मिळवा. किलोमीटरला सव्वादोन रुपये पडले.

तुमची डिझेल गाडी लिटरला १८ देते आणि डिझेल ९२ च्या आसपास धरलं, तर किलोमीटरला पाच रुपये दहा पैसे. म्हणजे फरक पावणेतीन ते तीन रुपयांचा, महिन्याला पाच हजारांच्या आसपास बचत. बचत खरी आहे, जाहिरातीइतकी मात्र नाही.

आता तुमचा तिसरा पर्याय याच आकड्यासमोर ठेवा. बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन आणि डिझेलवरची बचत किलोमीटरला तीन. म्हणजे बचत सगळी भाड्यात गेली, वर खिशातून पन्नास पैसे. ही योजना सगळ्यांना कळेल असं उदाहरण देतो. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आली तेव्हा बॅटरीसकट किंमत १३ लाख ५० हजारांपासून होती आणि बॅटरी भाड्याने घेतली तर ९ लाख ९९ हजार अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये. फरक साडेतीन लाखांचा. एक लाख किलोमीटर झाले की तेवढं भाडं भरून झालं. ते साडेतीन लाख कर्जाने घेतले असते तर व्याजासकट सव्वा लाख किलोमीटरला बरोबरी होते. तुमच्या फिरण्याने ती सहा वर्षांत येते. त्याच्या आत गाडी सोडणार असाल तर बॅटरी भाड्याने घेणं फायद्याचं, आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर तोट्याचं. शिवाय अशा करारांत महिन्याचे किमान किलोमीटर ठरलेले असतात. पावसाळ्यात पंधरा दिवस गाडी दारात उभी राहिली तरी तेवढं भाडं द्यावं लागतं.

लीजकडे येऊ. महिना २८ हजार, चार वर्षांचे १३ लाख ४४ हजार. वर्षाला १५ हजारांच्या वर तुमचे ५,८०० किलोमीटर जाणार, चार वर्षांत २३,२००, आठ रुपयांनी त्याचे एक लाख पंच्याऐंशी हजार. एकूण सव्वापंधरा लाखांच्या वर आणि शेवटी गाडी परत. दुसरीकडे विकत घेतली तर ११ लाखांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता २२,८०० च्या आसपास बसतो. चार वर्षांत रोख ३ लाख, हप्त्यांचे १० लाख ९५ हजार, पहिल्या वर्षानंतरचा विमा आणि सर्व्हिसिंग मिळून सव्वा लाख, आणि उरलेलं कर्ज २ लाख ६० हजार. सगळं मिळून पावणेअठरा लाख, पण गाडी तुमच्या दारात. दोन्हींतला फरक अडीच लाखांचा. म्हणजे चार वर्षांनी ती गाडी फक्त अडीच लाखांना गेली तरी तुमची लीजशी बरोबरी झाली. बॅटरीची चार वर्षांची वॉरंटी शिल्लक असलेली गाडी एवढ्या कमी भावात जाईल असं मला वाटत नाही. तालुक्याला जुन्या इलेक्ट्रिक गाडीला गिऱ्हाईक कमी आहे हे खरं, विकायला नागपूर गाठावं लागेल. म्हणून मी घेणाऱ्याला सांगतो की आठ वर्षं ठेवायच्या तयारीने घ्या.

करारात छापलेलं नसतं असंही एक सांगतो. माझी लीजची गाडी मी मुदत संपल्यावर परत केली, तेव्हा तपासणीला आलेल्या मुलाने मोबाइलच्या उजेडात दोन्ही बाजूंचे दरवाजे बघितले. खालपासून काचेपर्यंत बारीक ओरखडे होते. पांदणीतून, म्हणजे वावरात जाणाऱ्या अरुंद वाटेतून, गाडी नेली की दोन्हीकडून बाभळी आणि बोरी घासतात, आपल्याकडे कोणती गाडी त्यातून सुटते? त्यांच्या कागदात "नेहमीच्या वापराची झीज" म्हणजे शहरातली झीज. चार दरवाजे आणि दोन फेंडर रंगवण्याचे ४१ हजार त्यांनी माझ्या अनामत रकमेतून कापले. त्याआधी एकदा रात्री कळंबजवळ रोही (नीलगाय) आडवा आला, बंपर आणि रेडिएटरची जाळी गेली. गाडी नागपूरलाच न्यायची अट होती. अकरा दिवस ती तिकडे उभी होती, भाडं चालूच. बदली गाडी मिळायची सोय होती, पण "शहराच्या हद्दीत". मी हे भांडण म्हणून सांगत नाही, सगळं करारात होतं, मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा. गाडी परत करतानाच्या अटी, दुरुस्ती कुठे, बदली गाडी कुठपर्यंत, मुदतीआधी सोडली तर दंड किती, ही चार पानं घरी आणून वाचल्याशिवाय सही करू नका.

तुमच्या धंद्यामुळे आणखी एक गोष्ट येते, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. कृषी केंद्राचा पैसा बारा महिने सारखा नसतो. जून-जुलैत बियाणं, खत, फवारणीची औषधं उधारीवर जातात. तो पैसा दिवाळीनंतर, सोयाबीन विकून आणि कापसाचा चुकारा आल्यावर परत येतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुमचा गल्ला रिकामा असतो आणि जानेवारीत हातात रक्कम असते. लीजचं भाडं हे हंगाम ओळखत नाही. कर्जातही हप्ता दर महिन्याला आहेच, पण जानेवारीत लाख-दीड लाख मुद्दलात भरून पुढचा हप्ता किंवा मुदत कमी करून घेता येते. म्हणून बँकेला व्याजदराच्या आधी हे विचारा की अर्धवट परतफेडीला दंड आहे का, आणि वर्षातून किती वेळा भरता येते. उत्तर लेखी घ्या. इलेक्ट्रिक गाडीला काही बँका व्याजात पाव टक्क्यापर्यंत सूट देतात, तीही मागा.

कराबद्दल तुमच्या सीएंशी बोलाच, पण दोन-तीन गोष्टी पक्क्या आहेत. कर्जाच्या व्याजावर मिळणारी ८०-ईईबीची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, आता कोणी ती दाखवून गाडी विकत असेल तर ऐकू नका. गाडी दुकानाच्या हिशेबात घेतली तर इलेक्ट्रिक गाडीला वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, साध्या गाडीला १५ टक्के. मात्र तुम्ही विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी ठोक नफा दाखवून विवरण भरत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही. लीजच्या जीएसटीचा परतावा मिळेल असं तुम्हाला सांगितलं गेलंय. दुकानदाराच्या स्वतःच्या वापरातल्या कारला तो मिळत नाही, मग ती विकतची असो की भाड्याची. आणि सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल-डिझेल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा ५ टक्केच आहे. दोन्हींच्या किमतीतलं अंतर त्यामुळे बदललंय, म्हणून जुने व्हिडिओ बघून तुलना करू नका.

आता ज्या कामावर माझं पोट आहे ते सांगतो. गावात इलेक्ट्रिक गाडी फसते ती बहुतेक वेळा घरच्या अर्थिंगमुळे. मागच्या मे महिन्यात राळेगावकडच्या एका गुरुजींचा फोन आला, नवी गाडी चार्जच होत नाही, चार्जरवर लाल दिवा. कंपनीचा माणूस चार्जर बदलून गेला होता, तरी तेच. मी गेलो आणि मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३८ व्होल्ट. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा बघितला तर काळ्या मातीला अशा भेगा पडल्या होत्या की माझा हात मनगटापर्यंत आत गेला. माती पाइपला सोडून बाजूला झाली होती. दोन बादल्या पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबलो, परत मोजलं तर ६ व्होल्ट, आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला. पुढे तिथे मोरीच्या पाण्याजवळ नवा खड्डा करून कोळसा-मीठ टाकून तांब्याची पट्टी आणली. चार्जरने नकार दिला तो तुमच्या जिवासाठी दिला, हे समजून घ्या. अर्थिंगला बगल देणारा प्लग बाजारात मिळतो, कोणी सुचवला तरी तो लावू नका.

दुसरं व्होल्टेज. रब्बीत संध्याकाळी गावठाणाच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) भार आला की घरात १७० व्होल्ट येतात आणि चार्जर मध्येच बंद पडतो. रात्री अकरानंतर लावा, करंट १० अँपिअरवर ठेवा. तुमचे रोजचे ४० किलोमीटर भरायला तीन-साडेतीन तास पुरतात. मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की तोडणारा) आणि आरसीसीबी (शॉक लागायच्या आत वीज तोडणारा) लावा. मंजूर भार एक किलोवॅट असेल तर तो वाढवून घ्या. जुन्या बोर्डातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रोज चार्ज केलं तर पावसाळ्याआधी सॉकेट वितळलेलं मी किती घरांत पाहिलंय. हा सगळा खर्च १५ ते २५ हजारांत बसतो, आणि गाडी विकत घ्या की लीजवर घ्या, तो तुम्हालाच करायचा आहे.

छत तुमचं आहे, हा शहरातल्या फ्लॅटवाल्यापेक्षा तुमचा मोठा फायदा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. आपल्या उन्हात ३ किलोवॅटचं पॅनल दिवसाला बाराएक युनिट देतं, महिन्याला साडेतीनशे. गाडीचे अडीचशे निघून घराला शंभर उरतात. पावसाळ्यात कमी मिळेल. आणि लाइन गेली की बिनबॅटरीचं सोलरही बंद पडतं, त्यामुळे लाइट नसताना सोलरवर गाडी चार्ज होईल असं समजू नका. पण बिलाचा जो तिसरा टप्पा मी वर सांगितला तो यातून सुटतो, आणि किलोमीटरचा खर्च खरोखर एक रुपयाच्या खाली येतो. गाडी विकत घेऊन आठ वर्षं ठेवणाऱ्यालाच हे जुळतं, म्हणूनही माझा कल विकत घेण्याकडे आहे.

उन्हाळ्याची भीती तुम्ही लिहिली आहे. ती रास्त आहे. ४५-४६ अंशांत एसी लावून चालवलं की माझ्या नोंदीत दहा ते पंधरा टक्के पल्ला कमी होतो. बॅटरीला उष्णता मानवत नाही, म्हणून दुपारी नागपूरहून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, गाडी गोठ्याच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत थंड होऊ द्या आणि रात्री लावा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, उष्णता जास्त सोसणारी) जातीची आणि पाण्याने थंड होणारी बॅटरी असलेली गाडीच निवडा. साधारण वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, तुमच्या फिरण्याने दोन्ही जवळपास एकाच वेळी संपतील. काही कंपन्या त्याहून मोठी, आयुष्यभराची वॉरंटी देतात, पण बहुधा पहिल्या आणि खाजगी मालकालाच. भाच्याला गाडी लग्नाच्या भाड्याला दिलीत तर ती वॉरंटी हातची जाईल.

नागपूरच्या फेरीबद्दल थोडक्यात. ३८ युनिटच्या बॅटरीची गाडी हायवेला ९०च्या वेगाने सव्वादोनशेच्या आसपास जाते. घरून पूर्ण भरून निघालात तर नागपूरला १५-२० टक्के उरतील. आईची तपासणी होईपर्यंत तासभर दवाखान्याजवळच्या फास्ट चार्जरवर लावायची. निघण्याआधी त्या चार्जरवर फोन करून तो चालू आहे का ते विचारा, आणि वाटेत वर्ध्याला दुसरा एक हेरून ठेवा. २५ युनिटच्या लहान गाडीत मात्र ही फेरी तुम्हाला त्रासाची होईल, आईसोबत असताना तो ताण नको.

लीज कोणाला चांगली, हेही सांगतो, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. दोन-तीन वर्षांत बदली होणारे अधिकारी, पगारातून कंपनीमार्फत लीज मिळणारे नोकरदार, आणि नागपूर-अमरावतीत राहून ठरलेल्या रस्त्यावर महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर चालवणारे. त्यांना परत करण्याची सोय खरोखर कामाची आहे. तुमच्यासारख्या पांदणीतून वावरात जाणाऱ्याला नाही.

म्हणून माझा सल्ला असा की अर्थिंग आणि व्होल्टेज जुळत असेल तर विकत घ्या. आधी गावच्या वायरमनला किंवा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी आठला घरी बोलवा. न्यूट्रल-अर्थ पाचच्या आत आणि व्होल्टेज दोनशेच्या वर असेल तर पुढे जा. व्होल्टेज त्याहून खाली असेल तर महावितरणच्या उपविभागात डीपीच्या भाराचा अर्ज द्या आणि तोवर थांबा. गाडी आत्ता जूनच्या तोंडावर घेऊ नका, तुमचे ३ लाख बियाण्यात लागतील. दिवाळीनंतर घ्या. जुनी डिझेल गाडी लगेच विकू नका, एक पावसाळा दारात राहू द्या. तिचे आज जे दोन-अडीच लाख येतात ते वर्षभराने फार कमी होणार नाहीत, आणि रात्री-बेरात्री लाइन गेलेली असताना आईला न्यायची वेळ आली तर घरात दुसरी गाडी असेल.